काखेपर्यंत पोचलेला डोस

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुमच्या आईंचं वय ५६, घर गुहागर तालुक्यात. डाव्या स्तनात, वरच्या बाहेरच्या भागात, पावणेदोन सेंटीमीटरची गाठ होती. स्तन राखून फक्त गाठ काढली. काखेतल्या तीन सेंटिनल ग्रंथी (स्तनातून येणाऱ्या वाटेवरच्या पहिल्या ग्रंथी) काढून तपासल्या, त्यातल्या एकीत ३ मिलिमीटरचा कॅन्सरचा ठिपका निघाला. सर्जन म्हणाले, काख पूर्ण साफ करायची गरज नाही. पुढे शेक, म्हणजे रेडिएशन, झाला: ४० ग्रे (ग्रे हे शेकाचा डोस मोजायचं माप), १५ दिवसांत, आणि कागदावर लिहिलंय ‘फक्त स्तन’. फायलीतल्या प्लॅनच्या प्रिंटवर मात्र तुम्हाला दिसलं, की काखेच्या लेव्हल एकला सरासरी २८ ग्रे आणि लेव्हल दोनला १३ ग्रे गेले आहेत. तुम्ही विचारता, लिहून दिलेला नसताना हा डोस काखेत गेला कसा? ही चूक झाली का? आणि आता आईचा हात सुजेल का? कारण त्या काजू सोलतात, मासे साफ करतात, घर त्यांच्या हातांवर चालतं.

चूक झालेली नाही. हात सुजण्याची शक्यता आहे, पण थोडी, आणि तिच्यात शेकाचा वाटा तुम्हाला वाटतो तेवढा मोठा नाही. पण तुमच्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न आहे. तो तुम्ही विचारलेला नाही, आणि मला तोच सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो: हा डोस तिथे जाणार हे कोणी आधी पाहिलं होतं का, आणि पाहून काही ठरवलं होतं का?

मी २२ वर्षं रेडिएशन ऑन्कॉलॉजीचं काम करते. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्याहून जास्त बायका रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या असतात. त्या अनुभवावरून लिहिते आहे. तुमच्या आईंची फाइल मी पाहिलेली नाही, म्हणून जिथे उत्तर फायलीवर अवलंबून आहे तिथे तसं सांगेन.

आधी शब्दांचा एक घोळ सोडवू. आपल्याकडे कॅन्सरलाही गाठ म्हणतात आणि काखेतल्या लिम्फ नोडलाही गाठच म्हणतात. ‘काखेतल्या गाठींना शेक लागला’ असं ऐकलं की घरातल्यांच्या पोटात गोळा येतो, कारण त्यांना वाटतं काखेतही कॅन्सरच्या गाठी आहेत. म्हणून इथे मी कॅन्सरला गाठ म्हणते आणि लिम्फ नोडला ग्रंथी. ग्रंथी प्रत्येकीच्या काखेत असतात, साधारण २० ते ३०. स्तनातून आणि हातातून येणारं लिम्फ, म्हणजे ऊतींमधलं पाणी, त्यांच्यातून गाळून पुढे रक्तात जातं. छातीच्या पुढच्या बाजूला पेक्टोरालिस मायनर नावाचा एक छोटा स्नायू आहे. त्याच्या खालच्या आणि बाहेरच्या अंगाच्या ग्रंथी म्हणजे लेव्हल एक, स्नायूच्या मागे दडलेल्या त्या लेव्हल दोन, आणि आतल्या अंगाला गळ्याच्या हाडाखाली लेव्हल तीन. स्तनातलं लिम्फ सगळ्यांत आधी ज्या ग्रंथींत उतरतं त्या सेंटिनल. त्या बहुतेक वेळा लेव्हल एकच्या तळाशी सापडतात.

आता डोस तिथे गेला कसा, ते. स्तनावर झोत समोरून सरळ सोडला तर तो फुप्फुसात घुसेल, आणि डाव्या बाजूला हृदयातही. म्हणून दोन तिरके झोत वापरतात, छातीला चाटून जाणारे. एक छातीच्या मधल्या हाडाच्या बाजूने येतो, दुसरा काखेच्या बाजूने. स्तन या दोघांच्या मध्ये येतो आणि फुप्फुसाची फक्त एक पातळ कड सापडते. पण स्तन काही वाटोळा, काठ असलेला वाडगा नाही. त्याचा एक शेपटासारखा भाग वर काखेत चढतो. तो सुटू नये म्हणून झोताची वरची आणि मागची सीमा थोडी ऐसपैस ठेवावी लागते, आणि लेव्हल एकचा खालचा भाग त्याच सीमेच्या आत येतो. म्हणजे काखेला कोणी वेगळा झोत दिलेला नाही. स्तनाच्या झोतानेच ती वाटेत गाठली.

पावसाळ्यातली आपली पडवी आठवा. पाऊस पडतो तो अंगणात. पण वारा सुटला की झड आत येते, पडवीचा पुढचा भाग चिंब भिजतो, मधला ओलसर होतो आणि मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या माणसाला थेंबही लागत नाही. प्लॅनच्या प्रिंटवरचा ‘सरासरी’ हा शब्द इथे फसवतो. लेव्हल एकला सरासरी २८ ग्रे म्हणजे सगळ्या ग्रंथींना २८ ग्रे मिळाले असा अर्थ होत नाही. खालच्या ग्रंथींना ३८ मिळाले असतील आणि वरच्या टोकाला ५. म्हणून मी सरासरीचा आकडा नुसता बघत नाही. डोसाचं गणित मांडणाऱ्या फिजिसिस्टच्या शेजारी बसून सीटीचे एकेक काप पुढे सरकवत बघते, की झड नक्की कुठपर्यंत आली आहे आणि सेंटिनल ग्रंथी जिथून काढली ती जागा चिंब भागात आहे की कोरड्या.

हा आकडा बाईगणिक आणि मशीनगणिक बदलतो. बारीक अंगाच्या बाईची काख झोताजवळ येते, भरल्या अंगाची असेल तर काही वेळा दूर राहते, काही वेळा उलटंही होतं. हात डोक्यावर किती वर जातो यावर खांद्याचं हाड आणि ग्रंथी कुठे सरकतात ते ठरतं. ऑपरेशननंतर बऱ्याच जणींच्या काखेत दोरीसारखी शीर ताणल्यासारखी होते. गेल्याच महिन्यात मालवणच्या एक आजी सीटीच्या टेबलावर मला म्हणाल्या, “बाये, माझो हात वर जाणा नाय.” त्यांना दहा दिवस फिजिओथेरपीला पाठवलं आणि मगच प्लॅनिंगचा सीटी घेतला, कारण अर्धवट वर गेलेल्या हातावर केलेला प्लॅन रोज तसाच जुळत नाही. डाव्या बाजूला हृदय वाचवायला श्वास रोखून शेक देतात, त्यात काखेतला डोस काही जणींत कमी होतो. पालथं झोपवून शेक दिला तर काख झोतातून बरीच बाहेर जाते. नुसत्या गाठीच्या जागेपुरता शेक दिला तर जवळपास काहीच मिळत नाही. आणि आयएमआरटीसारख्या, झोताची ताकद जागोजागी कमीजास्त करणाऱ्या नव्या पद्धतीत डोस स्तनाच्या आकाराला इतका चिकटवता येतो, की जुन्या साध्या तिरक्या झोतांत काखेला आपसूक मिळायचं ते आता पुष्कळदा मिळत नाही.

“मग काख सरळ झाकून का टाकत नाही?” असं अनेक जण विचारतात. मशीनच्या तोंडाशी धातूच्या पट्ट्या असतात, त्या सरकवून झाकता येते, हे खरं. पण स्तनाच्या निम्म्याच्या आसपास गाठी वरच्या बाहेरच्या भागातच होतात. तुमच्या आईंचीही तिथेच होती. काख झाकायला गेलं की जिथे गाठ होती तीच जागा झाकली जाते. तो सौदा मी कधीही करणार नाही.

या आपसूक डोसाला एवढं महत्त्व का, ते समजण्यासाठी थोडं मागे जावं लागेल. सेंटिनल ग्रंथीत कॅन्सर निघाला की काख पूर्ण साफ करायची, ही अनेक वर्षं ठरलेली गोष्ट होती. १९९९ ते २००४ या काळात अमेरिकेत झेड झिरो झिरो इलेव्हन नावाची चाचणी झाली. त्यात ८९१ बायका होत्या. सगळ्यांची गाठ ५ सेंटीमीटरपर्यंत, स्तन राखलेला, काखेत हाताला काही न लागणारं, एक किंवा दोन सेंटिनल ग्रंथींत कॅन्सर. निम्म्या जणींची काख साफ केली, निम्म्यांची तशीच ठेवली, आणि शेक दोन्हीकडे फक्त स्तनाला द्यायचा होता. साफ केलेल्यांपैकी २७ टक्के जणींच्या काखेत आणखीही ग्रंथींत कॅन्सर सापडला. म्हणजे साफ न केलेल्यांतही साधारण तेवढ्याच जणींच्या काखेत तो मागे राहिला असणार. तरी १० वर्षांनी त्यांच्यात आजूबाजूच्या ग्रंथींत पुन्हा कॅन्सर आला तो फक्त दीड टक्के जणींना. जगण्याचं प्रमाण काख न साफ केलेल्यांत ८६.३ टक्के आणि साफ केलेल्यांत ८३.६ टक्के, म्हणजे काख ठेवल्याने काही बिघडलं नाही.

मग काखेत राहिलेला तो कॅन्सर गेला कुठे? काही केमोने आणि हार्मोनच्या गोळ्यांनी मारला, काही शरीराने स्वतः दाबला, आणि काही या झडीने. २०१४ साली त्याच चाचणीतल्या २२८ बायकांचे शेकाचे कागद बारकाईने तपासले गेले. चाचणीच्या नियमात ग्रंथींना वेगळा झोत द्यायचा नव्हता, तरी जवळपास १९ टक्के जणींना तो दिलेला निघाला. ज्यांच्या झोताची उंची कागदावरून कळत होती, त्यांतल्या साधारण निम्म्या जणींचा झोत खांद्याच्या हाडापासून २ सेंटीमीटरच्या आत पोचला होता, म्हणजे लेव्हल एक आणि दोनचा बराच भाग त्यात आला होता. ‘काख साफ न करताही चालतं’ हा निष्कर्ष अशा ऐसपैस झोतांच्या काळात निघालेला आहे. आज आपण तो निष्कर्ष वापरतो आणि झोत मात्र चिकट, नेमके करतो. या दोन गोष्टींचा मेळ कोणीतरी घालायला हवा. माझ्या मते ते काम शेक देणाऱ्या डॉक्टरचं आहे.

मला हे एका चुकीतून कळलं. २०१२ च्या सुमाराला मी ज्या केंद्रात काम करत होते तिथे देवगडकडच्या एक बाई आल्या, वय ४८. ऑपरेशन दुसरीकडे झालेलं. आपल्या कोकणात उपचार असेच तुटक होतात. ऑपरेशन चिपळूण किंवा डेरवणला, शेक घाट चढून कोल्हापूरला नाहीतर मुंबईत, सिंधुदुर्गातल्या बायका गोव्यात बांबोळीला जातात, पुढच्या गोळ्या गावच्या डॉक्टरांकडून. मधला सगळा निरोप एका प्लॅस्टिकच्या पिशवीतून एसटीने प्रवास करतो. त्या बाईंच्या पिशवीत ग्रंथींचा रिपोर्ट होता, एक ग्रंथी पॉझिटिव्ह, म्हणजे तिच्यात कॅन्सर निघालेला. सर्जननी काख सोडली होती ती ‘शेकात काख येईलच’ या भरवशावर, पण तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. मी वाचलं ‘स्तनाचा शेक’, आणि फुप्फुस आणि हृदय वाचवणारा, काठोकाठ नेमका प्लॅन केला. तो प्लॅन मला फार आवडला होता. अडीच वर्षांनी त्या काखेत सुपारीएवढी गाठ घेऊन आल्या. मी जुना प्लॅन उघडून पाहिला. गाठ आली होती ती जागा झोताच्या बाहेर होती, बोटभर अंतराने.

काख साफ करावी लागली, वर पुन्हा शेक द्यावा लागला. त्या आज बऱ्या आहेत. पण हात कायमचा जड झाला आहे आणि गेली कित्येक वर्षं त्या दाबाची बाही घालून वावरतात. बोटभर जास्तीच्या झोताने ती गाठ नक्की टळली असती असं म्हणणं खोटेपणाचं होईल, कारण डोस मिळूनही कॅन्सर परत येतो. पण सर्जन माझ्या भरवशावर होते आणि मला ते माहीत नव्हतं, हे टाळता आलं असतं. एका फोनचं काम होतं.

तेव्हापासून शेक फक्त स्तनाला द्यायचा असला तरी मी प्लॅनवर लेव्हल एक आणि दोन हाताने आखतेच. डोस छापून येतो तो त्यामुळेच. आखल्याशिवाय कॉम्प्युटर काही मोजत नाही. तुमच्या आईंच्या प्रिंटवर ती ओळ आली याचा अर्थ तिथेही कोणीतरी बसून काख आखली होती. तुम्हाला ज्या ओळीची भीती वाटली, ती बघून मला बरं वाटलं. पुष्कळ फायलींत ती ओळ नसते, आणि डोस मात्र गेलेला असतोच.

आता आईंचा आकडा. ४० पैकी २८ म्हणजे ७० टक्के. पण रोजचा वाटाही कमी झाला, २.६७ ग्रेच्या जागी १.८७. रोजचा घास लहान झाला की परिणाम आणखी थोडा उतरतो, त्यामुळे पेशींच्या लेखी तो ६० टक्क्यांच्या आसपास येतो. ग्रंथींवर मुद्दाम उपचार करायचा असता तर त्यांच्या ९५ टक्के भागाला लिहून दिलेल्या डोसाच्या निदान ९५ टक्के तरी मिळावेत असा आमचा प्रयत्न असतो. तेव्हा २८ ग्रे हा काखेचा पुरता उपचार झालेला नाही. आणि तो वायाही गेलेला नाही, कारण सेंटिनल ग्रंथी असतात त्या तळाच्या भागाला बहुधा यापेक्षा बराच जास्त डोस मिळाला असणार. लेव्हल दोनचे १३ ग्रे मी उपचार म्हणून धरणार नाही.

आईंच्या जागी माझी रुग्ण असती तर मी काय केलं असतं? ३ मिलिमीटरचा ठिपका म्हणजे २ मिलिमीटरच्या वरचा, त्याला सूक्ष्म म्हणून सोडता येत नाही. पण तीनपैकी एकच ग्रंथी, गाठ २ सेंटीमीटरच्या आत, वय पाळी गेल्यानंतरचं. कॅन्सर ग्रंथीचं कवच फोडून बाहेर आलेला नसेल आणि गाठ हार्मोन पॉझिटिव्ह, म्हणजे हार्मोनवर वाढणारी, असेल, तर मी झोताची वरची सीमा थोडी चढवून लेव्हल एक पुरती आत घेतली असती आणि तसं लिहूनही ठेवलं असतं. कवच फुटलेलं असेल, किंवा तपासलेल्या दोनच ग्रंथी असून दोन्ही पॉझिटिव्ह असतील, तर काखेला आणि गळ्याच्या हाडावरच्या भागाला मुद्दाम डोस देण्याचा विचार केला असता. उलट तिन्ही ग्रंथी स्वच्छ असत्या तर काखेला किती गेलं याची चिंताच केली नसती, नुसता तो कमीत कमी ठेवला असता. एकच २८ ग्रे एकीसाठी थोडे, एकीसाठी पुरेसे आणि एकीसाठी अनावश्यक असतात.

शेक संपल्यावर आता ‘राहिलेला डोस काखेला देऊन टाका’ असा आग्रह मात्र धरू नका. आधीच्या झोताला लागून दुसरा झोत जोडताना मधल्या पट्टीत डोस दुप्पट होण्याचा किंवा फट राहण्याचा धोका असतो, आणि आईंच्या चित्रात त्याचा फायदा मला दिसत नाही. हार्मोनची गोळी चालू असेल तर ती एकही दिवस चुकवू नका. काखेतल्या ग्रंथींवर ती रोज काम करते आहे.

आता हाताकडे येऊ, कारण तुमची खरी काळजी तीच आहे. हाताला सूज येते ती लिम्फची वाट अडल्यामुळे, आणि वाट सगळ्यांत जास्त अडते ती काख पूर्ण साफ केल्याने. अनेक अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा काख साफ केलेल्यांत साधारण २० टक्के जणींना सूज आली, आणि फक्त सेंटिनल ग्रंथी काढलेल्यांत साडेपाच टक्क्यांच्या आसपास. युरोपात अॅमारोस नावाची चाचणी झाली, तिचे निकाल २०१४ साली आले. सेंटिनल पॉझिटिव्ह असलेल्या बायकांपैकी काहींची काख साफ केली, काहींच्या काखेला मुद्दाम पूर्ण डोसाचा शेक दिला. ५ वर्षांनी सूज होती ती साफ केलेल्यांत २३ टक्के आणि शेक दिलेल्यांत ११ टक्के. आईंची काख साफ केलेली नाही, आणि पूर्ण डोसही मिळालेला नाही. हाताकडून येणाऱ्या लिम्फच्या वाटा काखेच्या वरच्या बाहेरच्या टोकाला, खांद्याच्या हाडाजवळ एकत्र येतात, आणि छातीला चाटून जाणारा झोत तिथे सहसा पोचत नाही. म्हणून मी म्हटलं, धोका आहे पण थोडा.

तो आणखी कमी करणं बऱ्याच अंशी तुमच्या घरात आहे. बॉस्टनच्या डॉक्टरांनी ६३२ बायकांची मोजमापं वर्षानुवर्षं घेतली आणि २०१६ साली सांगितलं, की त्या हातावर घेतलेलं ब्लड प्रेशर, टोचलेली सुई किंवा विमानप्रवास यांचा सुजेशी संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो जास्तीच्या वजनाचा, काख साफ करण्याचा, ग्रंथींच्या शेकाचा, आणि हातात झालेल्या जंतुसंसर्गाचा. शेवटची गोष्ट कोकणातल्या बाईसाठी फार मोलाची आहे. ओल्या काजूचा चीक कातडी जाळतो, शिंगाळ्याचा काटा खोल जातो, कुर्ली नांगीने चिमटा काढते, मे महिन्यात करवंदीच्या जाळीत हात ओरबाडतात आणि जुलैत तेच हात लावणीच्या चिखलात असतात. माझ्याकडे सूज घेऊन आलेल्या कित्येक जणी आठवून सांगतात, “काटा लागल्यापासून सुरू झालं.” काम बंद करा असं मी कोणालाही सांगत नाही, कारण ते होणार नाही आणि व्हायलाही नको. काजू सोलताना नुसतं तेल किंवा राख लावून भागवू नका, जाड रबरी हातमोजे घाला. मासे साफ करतानाही डाव्या हातात मोजा हवाच. ओरखडा आला तर साबणाने धुऊन, कोरडा करून मलम लावा. हात लाल, गरम झाला आणि ताप आला, तर ‘उद्या बघू’ म्हणू नका. त्याच दिवशी अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. लावणीच्या दिवसांत लेप्टोचाही (लेप्टोस्पायरोसिसचा) ताप असतो, म्हणून डॉक्टरांना चिखलात काम केल्याचं आणि काखेतल्या ग्रंथी काढल्याचं, दोन्ही सांगा.

जड उचलायचं नाही, हा सल्ला तुम्हाला दहा जणांनी दिला असेल. विहिरीवरून हंडा आणायचा की नाही यावर घरात वादही झाले असतील. २००९ साली अमेरिकेत हात आधीच सुजलेल्या बायकांना शिकवून, हळूहळू वाढवत वजनं उचलायला लावली. त्यांची सूज वाढली नाही, उलट मधूनमधून उसळी मारणारा त्रास कमी झाला. तेव्हा अर्ध्या कळशीपासून सुरुवात करा, आठवड्याला थोडं वाढवा, हात दुखून जड वाटला तर एक पायरी खाली या. एकाएकी दोन हंडे मात्र नकोत. खांदा पूर्ण वर जाण्याचे व्यायाम शेक संपल्यावरही निदान वर्षभर चालू ठेवा, कारण छातीचा स्नायू शेकानंतर हळूहळू आखडतो आणि ते उशिरा लक्षात येतं.

सूज डोळ्यांना दिसण्याआधी काकणांना कळते. डाव्या हातातली काकणं उजवीपेक्षा घट्ट वाटू लागली, पोलक्याची बाही रुतू लागली, हात भरून आल्यासारखा वाटला, की तीच वेळ फिजिओथेरपिस्टकडे जाण्याची. त्या टप्प्यावर दाबाची बाही आणि मसाज यांनी हात बहुधा आटोक्यात राहतो. लघवीच्या गोळ्या घेऊन ही सूज उतरत नाही. गावात कोणी ‘हत्तीरोग झाला’ म्हणेल. हत्तीरोग डासांमुळे होतो, त्याचा याच्याशी काही संबंध नाही.

पुढच्या तपासणीला जाल तेव्हा तीन कागद सोबत न्या: ऑपरेशनची नोंद, ग्रंथींचा पॅथॉलॉजी रिपोर्ट आणि ही प्लॅनची प्रिंट. शेक देणाऱ्या डॉक्टरांना तक्रारीच्या सुरात नको, सरळ विचारा: काखेतला हा डोस तुम्ही हिशेबात धरला होता का, की तो नुसता जाता जाता गेला? सेंटिनल ग्रंथी काढलेली जागा झोतात होती का? ग्रंथीचं कवच फुटलं होतं का? आणि सर्जनना हे सगळं माहीत आहे का? उत्तर काहीही असो, त्यांना ते दोन ओळींत फायलीत लिहायला सांगा. दहा वर्षांनी आईंच्या काखेत काही लागलं तर तेव्हाचा डॉक्टर त्या दोन ओळींवरून ठरवेल, की तिथे पुन्हा शेक देता येईल की नाही.

आणि आज संध्याकाळी एक काम करा. शिंप्याची टेप घ्या. आईंच्या दोन्ही हातांवर कोपराच्या १० सेंटीमीटर वर आणि १० सेंटीमीटर खाली खूण करून घेर मोजा. चार आकडे होतील. ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच्या तारखेत लिहा आणि दर महिन्याला त्याच तारखेला पुन्हा मोजा. दोन हातांतला फरक आजच्या फरकापेक्षा २ सेंटीमीटरने वाढला, तर माझ्या उत्तराची वाट बघू नका, त्याच आठवड्यात दाखवा.